वॉटरफॉलमधून दोन आठवड्यांच्या स्प्रिंटवर येताना आधी कशाला हात घालावा?

इंद्रायणीकाठ
नमस्कार मंडळी. मोटार विम्याच्या पॉलिसी नूतनीकरणाची प्रणाली आहे. जावा आणि ओरॅकल, हप्त्याचं बरंचसं गणित पीएल-एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या आतच चालणारा कोड). २४ माणसं: १४ डेव्हलपर, ६ टेस्टर, ३ बीए (ग्राहकाच्या गरजा समजून लिहिणारे), १ पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर). आतापर्यंत वॉटरफॉल, म्हणजे एक टप्पा पूर्ण संपला की मगच पुढचा. वर्षाला दोन रिलीज. एसआरएस (काय हवं याचा दस्तऐवज, सध्याचा ४०० पानी) आणि डिझाइनला महिना, कोडिंगला तीन महिने, टेस्टिंगला सहा आठवडे, यूएटीला (ग्राहक स्वतः तपासतो ती चाचणी) तीन. यूएटीतल्या निम्म्या तक्रारी "लिहून दिलं होतं खरं, पण आम्हाला असं नको होतं" या जातीच्या.

पुढच्या तिमाहीपासून दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाची छोटी आवर्तनं) करायचे असं वरून ठरलंय. दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) घेतलंय. मीटिंगा कशा घ्यायच्या हे कुठेही वाचायला मिळतं, ते नको. टेस्टिंग, डेटाबेस, करार, कागदपत्रं यात नेमकं काय अडतं आणि आधी काय सोडवायचं ते सांगा.

पाटीटाकू
जिरा घेतलंय म्हणजे फोडणीची सोय झाली. भाजी कुठाय?

मुळामुठा
धागाकर्ते, तुमच्या पोस्टमधला एकच आकडा महत्त्वाचा आहे: टेस्टिंगला सहा आठवडे. बाकी सगळं नंतर.

दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचा अर्थ असा की दर दहा कामकाजी दिवसांनी जे हातात येईल ते ग्राहकाला देता येण्याजोगं असायला हवं. जुनं काही मोडलं नाही हे तपासायलाच सहा आठवडे लागत असतील तर ते अशक्य. मग काय होतं? पाच स्प्रिंट कोडिंगचे, शेवटी "हार्डनिंग स्प्रिंट" नावाचे तीन. म्हणजे तेच सहा आठवडे, फक्त नाव इंग्रजी मासिकातलं. वरातीमागून घोडं तसंच.

म्हणून आधी रिग्रेशनची, म्हणजे जुनं मोडलं नाही हे तपासण्याची, किंमत खाली आणा. सहा आठवड्यांचे दोन दिवस झाले की स्प्रिंट आपोआप शक्य होतात. ते न करता कॅलेंडर कितीही कापा, काही उपयोग नाही.

अर्धवट_कोडर
मुळामुठा यांच्याशी अर्धाच सहमत. रिग्रेशन आधी म्हणून बसलात तर सहा महिने नुसत्या टेस्ट लिहिण्यात जातील आणि वरचे लोक विचारतील, दिसायला काय आहे? पहिली गोष्ट कामाचे तुकडे कसे पाडायचे ही. वॉटरफॉलची सवय असलेले लोक तुकडे आडवे पाडतात: पहिल्या स्प्रिंटला टेबलं, दुसऱ्याला सर्व्हिस, तिसऱ्याला स्क्रीन. तिसरा स्प्रिंट संपेपर्यंत ग्राहकाला दाखवायला काहीच नाही आणि चूक कळते ती सहाव्या आठवड्यात.

तुकडा उभा हवा. तुमच्याच विषयातलं उदाहरण:
पहिला तुकडा: खासगी मोटार, मुदत संपायच्या आत नूतनीकरण, मागच्या वर्षी क्लेम नाही, पत्त्यात बदल नाही, एकच पेमेंट पद्धत, पीडीएफ हातात.
दुसरा: नो क्लेम बोनसचे पाचही टप्पे (२०, २५, ३५, ४५, ५० टक्के).
तिसरा: क्लेम झालेला, बोनस शून्यावर.
चौथा: मुदत उलटलेली. इथे ९० दिवसांची सीमा येते, त्यानंतर बोनस जातो. गाडीची तपासणीही इथेच.
पाचवा: गाडी विकली. बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. हे एसआरएसमध्ये कुठल्या पानावर आहे ते शोधून बघा :)

प्रत्येक तुकडा स्क्रीनपासून टेबलापर्यंत जातो आणि प्रत्येकाचं उत्तर ग्राहकाचा माणूस पाच मिनिटांत बरोबर-चूक सांगू शकतो. "लिहून दिलं होतं पण असं नको होतं" हे पहिल्या पंधरवड्यातच बाहेर येतं.

टेस्टर_ताई
दोघांचं भांडण मिटवते. रिग्रेशनला सहा महिने लागत नाहीत, जर सगळे टेस्ट केस स्वयंचलित करायचा हट्ट सोडला तर. सगळ्यात मोठी चूक तीच: हजार-दीड हजार हस्तलिखित केस घ्यायचे आणि एकेक करून सेलेनियममध्ये (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) उतरवायचे. ते सावकाश चालतात, स्क्रीनवरचं बटण हललं की पडतात, आणि "ती टेस्ट अशीच पडते, पुन्हा चालवा" ही सवय एकदा लागली की लाल दिव्याला कोणी भीत नाही.

हप्त्याच्या गणितासाठी सोपा मार्ग आहे. मागच्या वर्षीच्या पॉलिसींमधून पाचशे-सहाशे निवडा. सरसकट नकोत, सीमेवरच्या निवडा: ९० वा आणि ९१ वा दिवस, बोनसचे सगळे टप्पे, गाडीचं वय आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, घसाऱ्याच्या पायऱ्यांवर (६ महिने, १, २, ३, ४, ५ वर्षं). सध्याच्या कोडमधून त्या चालवा, उत्तरं पैशापर्यंत फाइलमध्ये साठवा. प्रत्येक बिल्डला तेच चालवून ताडून बघा. उत्तर बरोबर आहे की नाही हा प्रश्नच नाही, *बदललं* का एवढंच पाहायचं. बदलायला हवं होतं तिथे बीएने पाहून नवीन उत्तर साठवायचं.

दोन खड्डे आहेत. पहिला राउंडिंगचा. घटकाघटकाला पूर्णांक करून बेरीज केली की बेरीज करून पूर्णांक केला, यात एक रुपयाचा फरक पडतो आणि शंभर टेस्ट एकदम लाल होतात. दुसरा जास्त खोल: सिसडेट. पीएल-एसक्यूएलमध्ये जागोजागी आजची तारीख थेट घेतलेली असेल तर आज हिरवी असलेली टेस्ट पुढच्या महिन्यात लाल, कारण गाडी म्हातारी झाली. तारीख बाहेरून देता आली पाहिजे. त्याशिवाय बाकी कशालाही हात लावू नका.

आणि ते नमुने घेताना नावं, मोबाइल, गाडी नंबर बदलून घ्या. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानंतर खरा डेटा टेस्ट सर्व्हरवर पडलेला असणं महागात पडेल.

मुळामुठा
@टेस्टर_ताई, सिसडेटबद्दल शंभर टक्के अनुमोदन. @अर्धवट_कोडर, उभे तुकडे मान्य, पण पाचवा तुकडा घालताना पहिला मोडला हे कळणार कसं? फिरून रिग्रेशनवरच आलो.

रानमेवा
वॉटरफॉल म्हटलं की मला ठोसेघर आठवतं. तिथेही पाणी वर चढत नाही.

कॉफीनंतर
अवांतर: ज्याच्या नावावर वॉटरफॉल खपवतात त्या विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या निबंधात वॉटरफॉल हा शब्दच वापरलेला नाही. पायऱ्यांची ती आकृती काढून लगेच पुढे, हे असंच राबवणं धोक्याचं आहे, असं लिहिलंय. उपायांमध्ये एक असा की नवीन प्रकारचं काम असेल तर ते दोनदा करा, पहिलं शिकायला, दुसरं द्यायला. लोकांनी आकृती घेतली, मजकूर ठेवला. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८५ च्या २१६७ मानकामुळे ती पायऱ्यांची पद्धत कंत्राटांत घट्ट बसली.

उलट टप्प्याटप्प्याने करणं २००१ च्या स्नोबर्डच्या बैठकीत (जिथे ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला गेला) सतरा जणांना सुचलं असंही नाही. स्पेस शटलच्या मुख्य उड्डाण सॉफ्टवेअरचं काम १९७७ ते १९८० मध्ये ३१ महिन्यांत १७ आवर्तनांत झालं, म्हणजे सरासरी आठेक आठवड्यांचं एक. कारणही आजचंच: काम चालू असताना गरजा बदलत होत्या.

हे सांगायचं कारण, धागाकर्त्यांनी दोन आठवड्यांचाच हट्ट का धरावा? सहा महिन्यांवरून आधी सहा आठवड्यांवर या. आवर्तन छोटं करणं महत्त्वाचं, पंधरवडा पवित्र नाही.

अर्धवट_कोडर
सहा आठवडे नको. सहा आठवड्यांत छोटा वॉटरफॉल आरामात मावतो: दोन आठवडे कागद, दोन कोड, दोन टेस्टिंग. लोक तेच करतात. दोन आठवड्यांत तो मावत नाही, हाच फायदा. दुखतं, पण कुठे दुखतं ते कळतं.

डीबीए_दादा
डेटाबेसबद्दल कोणी बोलत नाहीये, मग रिलीजच्या रात्री आमचा फोन वाजतो.

वर्षात दोनदा रिलीज असताना "सिस्टिम रात्रभर बंद, स्क्रिप्ट चालवा, सकाळी उघडा" चालून जातं. दर पंधरा दिवसांनी नाही चालणार. म्हणून बदल फोडून करायचा. समजा पत्त्याचा एक रकाना मोडून पिन कोड वेगळा करायचाय:
पहिल्या रिलीजला नवीन रकाना घाला, रिकामा चालेल असा. जुना कोड त्याच्याकडे बघतही नाही.
पुढच्या रिलीजचा कोड दोन्हीकडे लिहितो, वाचतो जुन्यातूनच. यानंतर जुन्या नोंदी भरून घ्या, पाच-दहा हजारांच्या गठ्ठ्यांत, प्रत्येक गठ्ठ्यानंतर कमिट (बदल पक्का). एका दमात केलंत तर अनडू (मागे फिरण्यासाठी राखलेली जागा) भरतो आणि दिवसाची कामं अडकतात.
तिसऱ्याला वाचन नव्यातून.
जुना रकाना उडवायचा तो आणखी एक-दोन रिलीजनंतर, मागे फिरायची गरज उरली नाही की.

रकान्याचं नाव थेट बदललंत की मागचं व्हर्जन परत लावता येत नाही. सगळं कारण एवढंच. आणि ओरॅकलमध्ये टेबलाची रचना बदलणारी आज्ञा आपोआप कमिट होते, स्क्रिप्ट अर्ध्यात पडली तर आधीचे बदल मागे घेता येत नाहीत. म्हणून एका स्क्रिप्टमध्ये एकच बदल, क्रमांक देऊन, कोडच्याच भांडारात. फ्लायवे किंवा लिक्विबेस (अशा स्क्रिप्ट क्रमाने चालवणारी साधनं) वापरा, पण "प्रॉडक्शनवर हाताने एक छोटंसं केलंय" हे बंद.

पाटीटाकू
दादा, ते "छोटंसं" करणारे नेहमी तुम्हीच असता ना?

डीबीए_दादा
म्हणूनच माहितीये.

कंत्राटी_कावळा
आता कडू गोळी. तुमचा करार कसा आहे? ठरावीक किमतीचा असेल तर पैसे बहुधा एसआरएस साइन-ऑफ, डिझाइन साइन-ऑफ, यूएटी साइन-ऑफ अशा टप्प्यांना बांधलेले असणार. तसं असेल तर टीम स्प्रिंट करेल आणि पीएम साइन-ऑफच्या मागे पळेल, कारण बिल तिथे निघतं. दोन्हीचे कागद वेगवेगळे: इकडे स्टोऱ्या (कामाचे छोटे तुकडे), तिकडे ४०० पानं. एकादशी अन् दुप्पट खाशी.

अख्खा करार पहिल्या दिवशी बदलून मिळत नाही. तीन कलमांची पुरवणी मागा.
एक, अदलाबदल: ग्राहक नवीन काम आत घालू शकतो, पण अजून सुरू न झालेलं तेवढ्याच अंदाजाचं काम बाहेर काढून. त्याला चेंज रिक्वेस्टची फाइल नाही.
दोन, स्वीकृती: प्रत्येक आवर्तनानंतर पाच कामकाजी दिवसांत लेखी हरकत आली नाही तर स्वीकारलं असं धरायचं. हे नसेल तर वर्षाअखेरीस सगळ्याची यूएटी एकदम.
तीन, बिल: टप्प्यांची रक्कम आवर्तनांवर वाटून.

सरकारी निविदा असेल तर दुसरं आणि तिसरं सहसा जमत नाही, कारण उशिराचा दंड मूळ टप्प्यांच्या तारखांना जोडलेला असतो. तिथे आतून स्प्रिंट चालवायचे आणि बाहेर टप्पे दाखवायचे, इलाज नाही.

न्यूजर्सीकर
"करार सोडा, पद्धत बदला" म्हणणाऱ्यांसाठी एक जाहीर दाखला. एफबीआयची सेंटिनेल ही प्रकरण-नोंदींची प्रणाली. २००६ मध्ये बाहेरच्या कंपनीला चार टप्प्यांचं कंत्राट. २०१० मध्ये दोनच टप्पे झालेले असताना काम थांबवलं, एफबीआयने सूत्रं स्वतःकडे घेतली, टीम बरीच लहान केली आणि दोन आठवड्यांचे स्प्रिंट लावले. १ जुलै २०१२ ला प्रणाली सगळ्यांसाठी चालू झाली.

ही कथा नेहमी इथेच संपवतात. पण नवीन वेळापत्रकाचंही ध्येय सप्टेंबर २०११ होतं, तेही चुकलं. ऑक्टोबर २०११ मध्ये खऱ्या वापरकर्त्यांबरोबर चाचणी घेतली तेव्हा प्रणाली दोनदा बसली आणि जुनं हार्डवेअर पुरत नाही हे तेव्हा कळलं. स्प्रिंट डेमोत दहा माणसं असतात. भार कधी तपासणार हे वेगळं ठरवावं लागतं, तो कुठल्याच स्टोरीत आपोआप येत नाही. तुमच्याकडे मार्चअखेरची गर्दी धरून एक चाचणी दर दोन-तीन स्प्रिंटला लावा.

रानमेवा
पण विम्यासारख्या नियमबद्ध क्षेत्रात हे चालतं का? नियम वरून येतात, ते ठरलेले असतात. तिथे आधी पूर्ण एसआरएस लिहिण्यात चूक काय?

मुळामुठा
नियम ठरलेले असतात, पण आपल्या वेळापत्रकाने येत नाहीत. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विमा पॉलिसींवरचा कर शून्य केला, लागू २२ सप्टेंबरपासून. मध्ये १९ दिवस. ज्यांचं टेस्टिंगच सहा आठवड्यांचं, त्यांनी काय करायचं? खासगी मोटारीला तो बदल नव्हता, १८ टक्के राहिला, म्हणून धागाकर्ते सुटले. पुढच्या वेळी सुटतीलच असं नाही. (आणि तो १८ कोडमध्ये लिहिलेला असेल तर आत्ताच टेबलात हलवा. लागू तारखेसकट.)

टेस्टर_ताई
रानमेवा यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग कागदपत्रांचा. एसआरएस फेकायचा नाही. ऑडिटरला नियम कुठला, कोड कुठला, तपासला कधी हे दाखवावंच लागतं. फक्त आकार बदलतो: हप्त्याचे नियम तक्त्यांच्या रूपात (अट डावीकडे, उत्तर उजवीकडे), कोडच्या प्रत्येक कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) स्टोरी क्रमांक, टेस्टवर तोच क्रमांक. माग आपोआप निघतो. ४०० पानांतली प्रस्तावना, व्याप्ती, संक्षेप ही पानं तशीही कोणी वाचत नव्हतं.

इंद्रायणीकाठ
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. दोन शंका. १) पीएमने गणित मांडलंय: १४ डेव्हलपर गुणिले १० दिवस म्हणजे १४० मनुष्यदिवस प्रति स्प्रिंट. बरोबर आहे का? २) टेस्टर म्हणतात, आम्हाला नवव्या दिवशी सगळं एकदम मिळणार. हे कसं टाळायचं?

अर्धवट_कोडर
१) नाही. प्रत्येकी: नियोजन ४ तास, रोजची पंधरा मिनिटं दहा दिवस म्हणजे अडीच, रिव्ह्यू २, रेट्रो (काय चुकलं याची चर्चा) दीड, पुढच्या कामाची चर्चा ३. झाले १३ तास, दीड दिवसाच्या वर. राहिले जेमतेम साडेआठ. त्यात प्रॉडक्शनच्या तक्रारी, सुट्ट्या, गणपती. सुरुवातीला माणशी सहा दिवस धरा, म्हणजे ८४. तीन स्प्रिंटनंतर खरा आकडा दिसतोच. १४० भरलेत तर पहिल्याच स्प्रिंटला चाळीस टक्के काम उरेल आणि "बघा, ॲजाइल आपल्याकडे चालत नाही" म्हणायला लोक तयार.

शिवाय २४ जणांचा एक स्प्रिंट करू नका. स्क्रम (स्प्रिंटने काम करायची पद्धत) मार्गदर्शिका दहा किंवा कमी म्हणते. आठ-आठचे तीन गट, प्रत्येकात दोन टेस्टर आणि एक बीए. गट कामाच्या प्रवाहाने पाडा (नूतनीकरण, बदल, पेमेंट), जावा गट-ओरॅकल गट असे नाहीत. नाहीतर प्रत्येक स्टोरी तीन गटांच्या दारात उभी.

मुळामुठा
२) नववा दिवस टाळायचा उपाय म्हणजे एका वेळी उघडी कामं कमी ठेवणं. सरासरी वेळ = उघडी कामं भागिले रोज संपणारी कामं. गटात १२ स्टोऱ्या उघड्या आणि रोज एक संपत असेल तर प्रत्येकीला १२ दिवस. स्प्रिंटच दहा दिवसांचा! उघड्या ४ ठेवल्या तर चार दिवस, म्हणजे टेस्टरला चौथ्या-पाचव्या दिवसापासून काम. पाचवी उघडायची नाही. रिकामा डेव्हलपर काय करणार? अडलेल्या स्टोरीची टेस्ट लिहिणार. यावर पहिला महिनाभर कुरकुर होते.

ब्रँचही (कोडच्या वेगळ्या फुटलेल्या शाखा) तशाच. दोन दिवसांपेक्षा जुनी ब्रँच नको, अर्धवट काम फ्लॅगमागे (चालू-बंद करायच्या खटक्यामागे) लपवून मुख्य शाखेत. फ्लॅग काढायची तारीख फ्लॅग घालतानाच लिहा.

कंत्राटी_कावळा
आणि ग्राहकाकडून निर्णय देणारा एक माणूस, आठवड्याला ठरलेले चार तास, लेखी. बीए त्याचा निरोप्या होऊ शकतो, पर्याय नाही. हा माणूस मिळत नसेल तर सुरुवात पुढे ढकला.

पाटीटाकू
दर पंधरा दिवसांनी रिलीज म्हणजे रिलीजच्या रात्रीचा पिझ्झा बंद होणार का?

डीबीए_दादा
रोज मरे त्याला कोण रडे.

इंद्रायणीकाठ
मूळ प्रश्नावर येतो. पहिले दोन स्प्रिंट नवीन काही न घेता काढले तर काय काय घ्यावं, क्रमाने?

टेस्टर_ताई
तारीख बाहेरून देण्याची सोय. मग पाचशे पॉलिसींचा ताळा. मग तो ताळा प्रत्येक कमिटला आपोआप, बिल्डसकट दहा-पंधरा मिनिटांत. त्याबरोबरच एकच उभा तुकडा, अर्धवट_कोडर यांनी सांगितलेला पहिला, म्हणजे दाखवायलाही काहीतरी राहील. हाताने करायच्या टेस्ट बंद करू नका, एकदम सहा आठवड्यांच्या शून्य होत नाहीत.

सिसडेट किती ठिकाणी आहे ते ऑल_सोर्स या व्ह्यूमध्ये शोधून आधी मोजा. मोठ्या आणि लहान दोन्ही अक्षरांत शोधा. ट्रिगरमध्येही (टेबल बदललं की आपोआप चालणारा कोड) असतं, लोक विसरतात.

इंद्रायणीकाठ
मोजलं. २१२.

पाटीटाकू
फोडणी जळाली.

टेस्टर_ताई
२१२ पैकी बहुतेक "नोंद कधी केली" याच्या रकान्यात असणार, त्यांना हात लावू नका. हप्ता, आयडीव्ही, बोनस आणि मुदत मोजणाऱ्या पॅकेजेसमधले तेवढे वेगळे काढा आणि आकडा इथे टाका.

इंद्रायणीकाठ
३१. त्यातले ४ ट्रिगरमध्ये.

डीबीए_दादा
ते चार आधी. हप्त्याचं गणित ट्रिगरमध्ये कोणी ठेवलं हे विचारू नका, बाहेर काढा.